नऊ नंबरचा खांब

आमच्या ह्यांना बसता येत नाही. गुडघे बिडघे ठणठणीत आहेत, दुखणं कसलं नाही. पण खुर्चीत टेकले की दोन मिनिटांत उठतात. खिडकीपाशी जातात, वारा कुठला आहे बघतात, परत येतात, पाण्याचा पेला उचलतात आणि न पिताच खाली ठेवतात. जेवताना डाव्या हाताची बोटं टेबलावर ठक ठक ठक. एकदा मी वैतागून म्हटलं, "अहो, ते टेबल आता जमिनीत जाणार आहे का?" तर म्हणाले, "मी कुठे काय करतोय?" म्हणजे पत्ताच नाही! लग्नाला चौतीस वर्षं झाली, तेवढी वर्षं मी हा ठकठकाट ऐकतेय. दुसरी कोणी असती तर एव्हाना वेडी झाली असती.

ह्यांचा धंदाच ठोके मोजायचा. पाण्यात जेटी बांधायची तर आधी खांब ठोकावे लागतात. सपाट तळाच्या बार्जवर उंच मनोरा असतो, त्यातून लोखंडी घण वर उचलतात आणि खांबाच्या डोक्यावर सोडतात. धाड! खांब जरासा खाली जातो. परत धाड! शेजारी वही घेऊन एक माणूस उभा असतो. खांब फूटभर खाली जायला किती ठोके लागले ते तो लिहीत जातो. वरच्या गाळात दोन-तीन ठोक्यांत फूट होतो. खाली चिकण माती लागली की पंधरा-वीस. आणि खडक लागला की शंभर घातले तरी खांब हलत नाही. मग म्हणायचं, खांब बसला. तो वहीवाला माणूस म्हणजे आमचे हे. बंदरावर त्यांना सगळे ठोकेमास्तर म्हणतात, खरं नाव फक्त कार्यालयाच्या कागदांवर उरलंय.

लग्न झालं तेव्हा मलाही वाटलं होतं, ह्यात काय मोठं, शंभरापर्यंत मोजता आलं की झालं. मग एकदा बार्जवर डबा द्यायला गेले आणि अर्धा तास उभी राहिले. कान बधिर, पायाखालची फळी थरथरतेय, उन्हात डोकं तापलंय, आणि ह्यांनी पापणी हलवली नाही. मला "आलीस?" म्हणायलासुद्धा नाही. एक ठोका चुकला तर जमिनीखाली काय आहे त्याचा हिशेब चुकतो, आणि खाली उतरून तर कोणाला बघता येत नाही. वरच्या साहेबांना ह्या वहीवरच भरवसा ठेवावा लागतो.

घरातही बोलणं दुसरं नाही. न्हाणीघराची भिंत ओली झाली तर म्हणायचे, "भिंतीचा दोष नाही, पाण्याला वाट ठेवली नाही कोणी." शेजारी चहाला आले की त्यांनी न विचारताच सुरू. "जिथे लाटा आपटतात तिथे दगडांचा उतार टाका. लाट चढून चढून दमते. सरळ भिंत उभी केलीत तर लाट आपटून परत फिरते आणि जाताना भिंतीच्या पायाखालची वाळू घेऊन जाते. जिथे गाळ वाहता आहे तिथे भिंत नकोच. खांब द्या, खालून पाणी जाऊ द्या. आणि जिथे भरती-ओहोटीला पाणी दहा-दहा फूट वरखाली होतं तिथे काहीतरी तरंगतं द्या, नाहीतर माणसं होडीतून उतरायची कशी? उडी मारून?" शेजारी बिचारे बिस्कीट हातात धरून हं हं करत बसायचे.

एका गावी असंच झालं होतं म्हणे. मच्छीमारांना धक्का हवा होता. ह्यांनी सांगितलं, इथे गाळ फार फिरतो, खांबांवर बांधा. वरून हुकूम आला, भराव टाकून भक्कम भिंत बांधा. उंटावरून शेळ्या हाकणारे सगळीकडे असतातच. भिंत झाली, बघायला झकास. तिसऱ्या वर्षी भिंतीच्या कुशीत एवढा गाळ साठला की ओहोटीला होड्या चिखलात आडव्या. मच्छीमार चिखल तुडवत जाळी आणायला लागले. ती गोष्ट सांगताना ह्यांचा चेहरा असा व्हायचा की जणू ह्यांनीच गाळ आणून टाकला.

म्हणजे माणूस कामाचा खरा. पण एक गोष्ट मला कधी उमगली नाही. रोज सकाळी, चहासुद्धा न घेता, हे खाडीच्या तोंडाशी असलेल्या जुन्या जेटीवर जायचे. पलीकडच्या काठाला जाणारी लाँच तिथूनच सुटते. चोवीस खांबांची ती जेटी, आणि चोवीसही खांबांचे ठोके ह्यांनीच मोजलेले. निवृत्त झाल्यावरही जाणं थांबलं नाही. पाऊस असो, ताप असो, कापडी पिशवी खांद्याला लावून निघाले. मला काय काय वाटलं असेल! शेवटी एकदा मी मागोमाग गेले. बघते तर हे जेटीच्या पार टोकाला, डाव्या कोपऱ्यात पालथे पडून, मान खाली घालून खांबाकडे बघतायत. पिशवीतून एक पारदर्शक नळी काढली, तिच्यात पाणी भरलं, एक टोक ह्या खांबाच्या खुणेला, दुसरं शेजारच्या. पातळी मोजून झाली आणि मग कुठे उठले. मला बघून चपापले. "सवय आहे," म्हणाले. बाई असती तर निदान मला भांडता तरी आलं असतं. खांबाशी काय भांडणार?

आणि लाँचची वाट बघत मी आणि लेक कधी त्या कोपऱ्यात उभ्या राहिलो की ओरडायचे. "इकडे या. तिकडे वारा लागतो." भर उन्हाळ्यात वारा लागतो!

माझी स्वतःची एक तक्रार त्याहून जुनी आहे, आणि ती मी कधी सोडली नाही. आमची लेक झाली त्या दिवशी हे ह्याच जेटीच्या कामावर होते. दुपारी निरोप गेला तसे धावत दवाखान्यात आले. चिखलाचे बूट तसेच. सगळ्या कळा होईपर्यंत बाहेर येरझाऱ्या घातल्या. लेक झाली, हातात घेतली, दहा मिनिटं बघत राहिले, आणि म्हणतात कसे, "अर्धा खांब राहिलाय. आलोच." गेले! मी तोंड भिंतीकडे केलं ते संध्याकाळपर्यंत फिरवलं नाही. त्यानंतर एकतीस वर्षं, भांडण कशावरूनही असो, मी शेवटी तिथेच यायची. "लेक जन्मली तेव्हा बापाला खांब प्यारा!" ह्यावर हे कधी एक शब्द बोलले नाहीत. मला वाटायचं, बोलणार काय, तोंड आहे कुठे बोलायला.

लेक बापाच्या वळणावर गेली. लहानपणी बार्जवर ह्यांच्या शेजारी उभी राहून मोजायची, शाळेत पाढे म्हणायच्या आधी तिला ठोके येत होते. शिकून इंजिनियर झाली आणि त्याच बंदर कार्यालयात लागली. कामाच्या जवळ खोली घेऊन राहते, रविवारी दुपारी जेवायला येते. गेल्या वर्षी तिला पहिलं स्वतःचं काम मिळालं. जुन्या जेटीवरून आता गाड्या नेणारी मोठी फेरीबोट सुरू करायची होती. पलीकडे दवाखाना मोठा झालाय, रुग्णवाहिकेला रस्त्याने वळसा घालून दीड तास लागतो, फेरीने पंधरा मिनिटं. तर जेटीचं काय करायचं, हे लेकीने ठरवून साहेबांपुढे मांडायचं.

त्या रविवारी ती आली तीच कागदांची गुंडाळी घेऊन. जेवणं व्हायच्या आत टेबलावरची भांडी बाजूला सारून नकाशा पसरला.

"बाबा, तीन पर्याय होते," ती म्हणाली. "एक, भराव टाकून भिंत. ते मी पहिल्याच दिवशी काढून टाकलं. तुमचा तो चिखलातल्या होड्यांचा गाव माझ्या डोक्यात पक्का आहे. दुसरा, आताची जेटी सोडून शेजारी नवे खांब, आणि त्यांच्यात तरंगता धक्का. चांगला आहे, पण दोन वर्षं जातील. आणि तिसरा माझा. आताचीच जेटी ठेवायची. वरचा स्लॅब नवा, आणि गाडीचा उतार टेकवायचा डाव्या कोपऱ्यावर. आठ महिन्यांत फेरी सुरू."

ह्यांची बोटं टेबलावर थांबली. मला ते लगेच कळलं, कारण एवढी शांतता घरात कधी नसतेच.

"डाव्या कोपऱ्यावर का?" ह्यांनी विचारलं.

"तुमच्या वहीमुळे!" लेकीचा चेहरा नुसता फुललेला. "बाकी खांब साठ-बासष्ट फुटांवर बसलेत, पण त्या कोपऱ्यातला नऊ नंबर चव्वेचाळीसवर. तुम्ही स्पष्ट लिहिलंय, खडक लागला. म्हणजे तिथे खडक वर आलाय. सगळ्यात जास्त वजन तिथेच द्यायचं. बोअर मारून बघायला यंत्र दोनच दिवस मिळालं, उजव्या बाजूला दोन भोकं घेतली, दोन्ही तुमच्या आकड्यांशी इंचाने जुळली. साहेब म्हणाले, मग बाकीचं कशाला बघायचं, मास्तरांची वही आहे की. मंगळवारी मांडतेय."

हे उठले. ताट अर्धं टाकून, हातही न धुता दाराबाहेर. लेक आ वासून माझ्याकडे बघते. मी म्हटलं, "तू जेव. ह्यांचं डोकं मी ठिकाणावर आणते," आणि चपला घालून मागे निघाले. खरं सांगते, मी भांडायच्या तयारीनेच गेले होते. पोरीचं पहिलं काम, बापाचं नाव घेऊन सांगतेय, आणि ह्यांना कौतुकाचा एक शब्द जड झाला?

जेटीच्या डाव्या कोपऱ्यात कठडा धरून उभे होते. भर दुपार, ओहोटी लागलेली, खांबांच्या बुडाला काळा गाळ उघडा पडलेला.

"झालं काय तुम्हाला?" मी म्हटलं.

"नऊ नंबर बसलेला नाही," ते म्हणाले.

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं, एकेक शब्द ओढून काढल्यासारखं. चिकण मातीत खांब ठोकत असताना मध्येच थांबलात, तर दोन-चार तासांत ती माती खांबाला घट्ट धरते. परत घण सुरू केला की खांब हलतच नाही, अगदी खडकावर आल्यासारखा अडून बसतो. ह्याला ते लोक म्हणतात, मातीला झोप लागली. म्हणून नियम असा, की खंड पडला तर पहिले पन्नास-साठ ठोके मोजायचे नाहीत. आधी झोप मोडायची, मग मोजायला लागायचं. बार्जवरच्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं.

"नऊ नंबर चव्वेचाळीसवर होता आणि निरोप आला," ते म्हणाले. "तू दवाखान्यात. घण थांबवून मी धावलो. परत आलो तेव्हा चार तास झाले होते. घण सुरू केला. तीस ठोके घातले, केसभर हलला नाही. मला माहीत होतं गं, अजून तीस घालायचे. पण गडी हसत होते, मुलगी झाली मुलगी झाली म्हणत होते, आणि मी निघालो तेव्हाच तू तोंड भिंतीकडे केलं होतंस. मला परत यायचं होतं. मी मनाला म्हटलं, खडकच असेल. वहीत लिहिलं, खडक लागला, बसला. आणि पळत दवाखान्यात आलो."

मी कठड्यावरून वाकून त्या खांबाकडे पाहिलं.

"दुसऱ्या दिवशी परत ठोकायचा विचार केला," ते म्हणाले. "पण बार्ज पलीकडे नेलं होतं. मग स्लॅब पडला. मग उद्घाटन झालं. आता सांगितलं तर एवढं सगळं तोडायला लावतील, म्हणून गप्प बसलो. माणसं चढून-उतरून खांब खचत नाही. रोज मोजतो. एकतीस वर्षांत दोन सूतसुद्धा गेला नाही. पण त्याच्यावर गाडी? त्यात रुग्णवाहिका?"

"मला का नाही सांगितलंत?" मी ओरडलेच. लाँचच्या रांगेतल्या चार माणसांनी वळून पाहिलं, बघेनात का. "एकतीस वर्षं मी टोचतेय तुम्हाला! खांब प्यारा, खांब प्यारा! एकदा तरी म्हणायचं होतं ना, की बाई, तुझ्यासाठीच सोडला अर्धवट!"

"काय म्हणणार होतो? तुझ्यासाठी खोटं लिहिलं? चूक माझी, ती तुझ्या गळ्यात का घालू?"

मला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. मी म्हटलं, "मला नका सांगू. जिला सांगायचं तिला सांगा."

"सांगतो. मंगळवारच्या आत सांगतो."

सोमवारी हे तीनदा तिच्या कार्यालयापर्यंत गेले आणि तीनदा परत आले. एकदा म्हणे फाटकावरचा माणूस ओळखीचा नव्हता. एकदा म्हणे ती जेवायला गेली असेल. तिसऱ्यांदा काही सबबच सांगितली नाही. घरी आले की खोलीतून खोलीत, दार उघड, दार लाव. मीही एका जागी ठरेना. भांडी घासलेली परत घासली. मनात तेच तेच. पोर केवढ्या तोऱ्यात सांगत होती, तुमची वही, तुमचे आकडे. तिला काय वाटेल? आणि नाही सांगितलं, आणि उद्या त्या उतारावर गाडी चढून काही झालं, तर? मधला रस्ता कुठे दिसेना. मंगळवारी सकाळी मी बाहेरचे कपडे घालून दारात उभी राहिले आणि म्हटलं, "चला. आज मी हात धरून नेते, शाळेच्या पहिल्या दिवसासारखं."

बैठकीची खोली म्हणजे एक लांब टेबल, भिंतीला टाचलेले तीन नकाशे आणि बंद पडलेला पंखा. लेक उभी राहून सांगत होती, मोठे साहेब मान डोलवत होते. आम्हाला बघून साहेब उठलेच. "या मास्तर! तुमचीच कमाई चालली आहे इथे." मी भिंतीलगतच्या खुर्चीत बसले. हे उभेच.

"नऊ नंबर खडकावर नाही," ह्यांनी सांगून टाकलं. "मी चुकीचं लिहिलं."

साहेबांना वाटलं, म्हातारा गोंधळलाय. "बसा मास्तर, पाणी घ्या," म्हणाले. पण लेक गोंधळली नाही. ती बापाची पोर. तिने पेन उचललं.

"खंड पडला होता?" तिने विचारलं.

"हो."

"किती?"

"चार तास."

"सुरू केल्यावर किती ठोके?"

"तीस."

"तीसच?" तिचा आवाज इथे जरा फाटला. "मी सात वर्षांची असताना तुम्ही शिकवलंत, साठाच्या आधी मोजायचं नाही."

ह्यांनी हो म्हणून मान हलवली.

साहेब म्हणाले, "पण मास्तर, तुमच्यासारखा माणूस मध्येच काम सोडून गेला कुठे?"

"खासगी काम होतं," हे म्हणाले.

माझ्याच्याने राहवलं नाही. "ही जन्मली!" मी खुर्चीतून म्हटलं. "ही जन्मली म्हणून गेले होते. कसलं खासगी काम?"

लेकीने माझ्याकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे. मग भिंतीजवळ जाऊन स्वतःच्या नकाशाच्या टाचण्या काढायला लागली. साहेब म्हणाले, अहो थांबा, एकतीस वर्षं खांब उभा आहे, एका माणसाच्या आठवणीवर काय फेकून द्यायचं? तिथे खडक असूही शकतो. त्यावर लेक म्हणाली, "मग बोअर घेऊ. खांबाच्या शेजारीच." यंत्र आठ दिवसांनी मिळणार होतं. जाताना ती बापाच्या शेजारून सरळ निघून गेली.

ते आठ दिवस कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. रविवारी ती जेवायला आली नाही. हे चार-चार वेळा जेटीवर. मला राहून राहून वाटायचं, साहेबांचंच खरं होवो. असेल तिथे खडक, कोणी पाहिलंय? खडक निघाला तर हे सुटले, पोरीचं काम तसंच राहिलं, सगळं मिटलं. मी देव पाण्यात घालून बसले होते म्हणा ना. ह्यांना तसं म्हटलं तर म्हणाले, "मलाही एकतीस वर्षं तेच वाटतंय."

बोअरच्या दिवशी सकाळी जेटीच्या डाव्या कोपऱ्यात लोखंडी तिवई उभी केली. स्लॅबला भोक पाडून खाली पाइप सोडला होता, त्यातून सळई. वर एक लहान वजन, दोरीने उचलायचं आणि सोडायचं. इथेही ठोकेच मोजायचे. कामगारांनी सवयीने वही ह्यांच्यापुढे केली. ह्यांनी हात मागे घेतले. "मी नाही मोजणार," म्हणाले. लेकीने वही घेतली.

चाळीस फुटांपर्यंत लेक नुसते आकडे लिहीत गेली. तेरा ठोके, चौदा ठोके, तेरा. चिकण माती. एक्केचाळीस. बेचाळीस. साहेब घड्याळ बघतात, हे कठडा धरून पलीकडच्या काठाकडे बघतात, आणि मी मनात म्हणतेय, लाग रे मेल्या खडका, लाग एकदाचा. त्रेचाळीस. चव्वेचाळीस.

वजन पडलं. सळई गेली. बारा ठोके.

पंचेचाळीसला तेरा. लेक आकडा मोठ्याने म्हणायची आणि लिहायची, आवाजात चढउतार नाही. पन्नासला सोळा. प्रत्येक आकड्याला ह्यांचे खांदे जरा खाली जात होते. छप्पन. साठ. एकसष्टाव्या फुटाला वजन पडलं आणि सळई थडकून उभी राहिली. दहा, वीस, पन्नास ठोके. हलली नाही. हा खरा खडक. नऊ नंबरच्या पायाखाली सतरा फूट नुसती माती होती.

साहेबांनी डोक्यावरचं हेल्मेट काढलं. "वाचलो म्हणायचं," एवढंच म्हणाले. मग लेकीला म्हणाले, "तरंगत्या धक्क्याचे नकाशे काढायला घ्या. दोन वर्षं तर दोन वर्षं."

कोपऱ्यातच एका पेटीवर कागद ठेवून ती अहवाल भरायला लागली. जुनी नोंद रद्द करायची तर तसा छापील नमुना असतो. खांब क्रमांक, जुनी खोली, नवी खोली, कामात खंड, खंडाचं कारण. खाली नोंद करणाऱ्याची सही लागते, म्हणून हे शेजारी उभे. साहेब भला माणूस. वाकून हळूच म्हणाले, "कारण यंत्रबिघाड लिहा. कोण विचारतंय आता? मास्तरांनी उभं आयुष्य इथे घातलंय."

लेकीने वर पाहिलं. डोळे लाल झालेले, पण बोलली ठामपणे. "साहेब, ह्यांनी जन्मात एकदा खोटं लिहिलं, ते माझ्यापायी. आता मी ह्यांच्यापायी दुसरं लिहू? मग ह्या रकान्यावर पुढच्याने भरवसा ठेवायचा कसा?"

"अगं, निदान खासगी काम असं लिही," हे पुटपुटले.

तिने ऐकलं नाही. सरळ अक्षरात लिहिलं, आणि कागद बापापुढे फिरवला. मीही वाकून वाचला. कामात खंड, चार तास. कारण, मोजणीदारास मुलगी झाली.

ह्यांनी ती ओळ बोट लावून दोनदा वाचली. मग विचारलं, "सही कुठे करायची?"

तिने जागा दाखवली. खाडीवरून वारा सुटला होता, कागद फडफडत होता. लेकीने दोन्ही तळव्यांनी कागद पेटीवर दाबून धरला आणि म्हणाली, "करा बाबा, मी धरलाय."